चार इस्पिक, डबल

मेंढीकोट खेळत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला ब्रिजमधलं बरंचसं ओळखीचं वाटतं. समोर भिडू, एक हुकूम, उतारी कोणाची ते बघणं, हात मोजणं. अनोळखी असते ती बोली. पहिलं पान टेबलावर पडायच्या आधीच अर्धा डाव होऊन गेलेला असतो, हे पचनी पडायला मला काही वर्षं लागली. ते ज्यांनी माझ्या पचनी पाडलं त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. नोकरीभर पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक. नाशिकरोड ते मुंबई मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते खेळलेले. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजच्या जोडीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते आणि सरकार छप्पन्न. त्या बातमीचं कात्रण काकांच्या वहीत अजून आहे.

आता रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडला आमच्याकडे आठ जण जमतात. दोन टेबलं, दोन टीम. एका टेबलावर खेळलेली पानं बोर्डात तशीच भरून दुसऱ्या टेबलावर जातात, त्यामुळे नशिबाला बोल लावायची सोय नसते. तिथल्याच एका डावाबद्दल लिहायचं आहे, आणि खरं तर एकाच कार्डाबद्दल.

मी दक्षिणेला, काका उत्तरेला. आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे आमचं बक्षीसही मोठं आणि दंडही; समोरचे नाहीत. माझ्या हातात इस्पिकची एकुलती पंजी. बदाम एक्का, राणी, नव्वी, सत्ती, चौकी. चौकट एक्का, दश्शी, छक्की, तिर्री. किलवर राणी, गुलाम, छक्की. मी एक बदाम म्हटलं. पश्चिमेने एक इस्पिक. काकांनी दोन इस्पिक, म्हणजे ‘तुझ्या बदामाला माझा चांगला पाठिंबा आहे’. पूर्वेने तीन इस्पिक. मी चार बदाम. दोन पास झाले आणि पूर्वेने पुन्हा तोंड उघडलं: चार इस्पिक.

पूर्वेची इथे एक चूक झाली, आणि ती मला फार शिकवून गेली. चारपर्यंत जायचंच होतं तर पहिल्याच खेपेला उडी मारायची. मग मला चार बदाम सांगायची संधीच मिळाली नसती आणि आम्ही दोघंही अंधारात राहिलो असतो. पायरी पायरीने चढताना त्यांनी आम्हाला एकमेकांशी बोलायला जागा दिली.

मी पास दिला. ब्रिजच्या बोलीतला हा पास मला सगळ्यात बोलका वाटतो. आम्ही व्हल्नरेबल असताना आपणहून गेम सांगितला आहे; समोरच्यांना चार इस्पिक डबलशिवाय खेळू द्यायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे. म्हणून इथे माझा पास खेळ संपवत नाही. तो सांगतो, ‘इस्पिकात माझं फार काही नाही, पाच बदामला माझी ना नाही, पण ठरवा तुम्ही.’ इस्पिकची दोन-तीन पानं हातात असती तर मी स्वतःच डबल म्हटलं असतं.

पश्चिमेचा पास. काकांनी बिडिंग बॉक्समधून डबलचं लाल कार्ड काढलं आणि ठेवलं. आधीच्या दोन इस्पिकना जेवढा वेळ घेतला होता तेवढाच घेतला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण डबलमधली सचोटी या वेळात असते. विचार करकरून, अडखळत ठेवलेलं डबल भिडूला सांगून जातं की ‘माझी खात्री नाही, तू काढून घे’. झटकन आपटलेलं डबल सांगतं की ‘हात लावू नकोस’. दोन्ही नियमात बसत नाहीत. काकांच्या डबलमधून फक्त डबल ऐकू आलं.

त्यांची पानं नंतर पाहिली. इस्पिक राणी, गुलाम, तिर्री. बदाम राजा, दश्शी, छक्की, दुर्री. चौकट राजा, राणी, पंजी. किलवर दश्शी, नव्वी, चौकी. गुण अकरा, आकार चार-तीन-तीन-तीन. आता यातली इस्पिकची राणी आणि गुलाम बाजूला काढा, तिथे दोन बारीक इस्पिकं घाला आणि किलवरच्या दश्शीच्या जागी राजा ठेवा. गुण पुन्हा अकराच. पण त्या हातावर पाच बदाम होतात: एक इस्पिक जाईल, एक किलवर जाईल, बाकी अकरा हात आपले. काकांच्या खऱ्या हातावर मात्र दोन किलवर आणि एक इस्पिक असे तीन हात सरळ जातात. इस्पिकचे ते तीन गुण बदाम हुकूम असताना मेलेले असतात आणि इस्पिक हुकूम झालं की त्यांना जीव येतो. गुण किती, यापेक्षा ते कुठे बसलेत, हे बघणारी नजर मला या डबलमध्ये दिसली.

दुसरा हिशेब आकड्यांचा. फ्रान्सच्या जाँ-रेने व्हेर्न यांनी १९६९ मध्ये ‘द ब्रिज वर्ल्ड’ मासिकात एक नियम मांडला, आणि लॅरी कोहेन यांच्या १९९२ च्या पुस्तकाने तो सर्वतोमुखी केला. आपला हुकूम घेऊन आपण जितके हात करू आणि त्यांचा हुकूम घेऊन ते जितके करतील, त्यांची बेरीज साधारण दोन्ही बाजूंच्या हुकमाच्या पानांच्या बेरजेइतकी येते. पुढे माइक लॉरेन्स आणि अँडर्स वीरग्रेन यांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले, आणि ते मला बरेच पटतात; पण टेबलावर पाच सेकंदांत हाताशी येणारं माप हेच. काकांकडे चार बदाम, माझे निदान पाच: नऊ. काकांकडे तीन इस्पिक, माझ्याकडे एखादंच असणार, म्हणजे समोरच्यांकडे नऊ. बेरीज अठरा.

आता अठराची फोड करून बघा. आमचे दहा आणि त्यांचे आठ असतील, तर डबलचे ३०० मिळतात आणि पाच बदाम म्हटलं तर १०० जातात. आमचे नऊ, त्यांचे नऊ असतील, तर १०० मिळतात किंवा २०० जातात. आमचे अकरा, त्यांचे सात, या एकाच फोडीत पाच बदाम बरं, आणि तिथेही ६५० ऐवजी ५०० मिळतात. डबल चुकलं तर १५० चं नुकसान, बरोबर आलं तर ३००-४०० चा फायदा. शिवाय आमचे अकरा व्हायला हवा असलेला आकार काकांच्या हातात नव्हता.

यातली एक गोष्ट नवख्या खेळाडूला रुचत नाही. पूर्वेचं चार इस्पिक पानांच्या हिशेबाने बरोबरच होतं. आमचे चार बदाम झाले असते तर आम्हाला ६२० मिळाले असते. त्यांनी ३०० वर सुटका करून घेतली. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये जहाजावरच्या प्रवासात व्हल्नरेबलची कल्पना खेळात आणली, तेव्हापासून असा स्वस्तातला बळी देणं हा बोलीचा रीतसर भाग आहे. काकांना हे ठाऊक होतं. ६२० गेले ते गेले. समोरच्याने आपला गेम हिसकावला या रागात माणूस पाच बदामवर जातो, कारण त्याला तेच ६२० परत हवे असतात. काकांनी डबल केलं ते हातात उरलेलं वाचवायला, आणि माझ्या मते दंडाच्या डबलचं हेच सगळ्यात उंच रूप आहे. सहा हुकूम हातात घेऊन केलेलं डबल कोणालाही जमतं.

माझी परीक्षा त्यानंतर होती. इस्पिकचं एकुलतं पान आणि दोन लाल एक्के बघून पाच बदामचं कार्ड बोटाला खाजवत होतं. मी पास दिला. ठरवायचं काम त्यांच्याकडे सोपवलं होतं, ते परत मागायचा हक्क मला नव्हता.

खेळात फार काही घडलं नाही. काकांची उतारी चौकट राजा. चौकटचे दोन हात, बदामचा एक, किलवरच्या तिसऱ्या फेरीचा एक, आणि एक्का-राजा पडून गेल्यावर काकांची इस्पिक राणी. पाच हात, दोन डाऊन.

चहा घेताना विचारलं, “काका, पाच बदाम म्हणावंसं एकदाही वाटलं नाही?”

“तू पास दिलास तेव्हा वाटलं,” ते म्हणाले. “मग माझं इस्पिक बघितलं.”

दुसऱ्या टेबलावर बोली चार इस्पिकपर्यंत हुबेहूब अशीच गेली होती. तिथे उत्तरेने पाच बदाम म्हटलं आणि ते एक डाऊन गेले. आमचे इथले ३०० आणि आमच्या जोडीचे तिथले १००, मिळून ४००. आयएमपीच्या, म्हणजे टीम-सामन्याच्या गुणांच्या, तक्त्यात नऊ. त्या रात्रीचा सामना आम्ही सातने जिंकला.