ब्रेसियरची रचना आणि वृद्ध स्त्रीचा देह : एक चिकित्सा

मेरी फेल्प्स जेकब यांना १९१४ मध्ये अमेरिकेत मिळालेले ब्रेसियरचे पेटंट कॉर्सेटपासूनच्या मुक्तीचे प्रतीक मानले जाते. तथापि दोन रुमाल व रिबिनीतून साकारलेल्या त्या रचनेत जड स्तनांना आधार देण्याची क्षमता फारशी नव्हती. अलंकरणाला प्राधान्य देणाऱ्या आजच्या रचनांतही ही उणीव आढळते. वस्तुतः स्तनभार मुख्यतः छातीखालच्या रुंद पट्ट्याने पेलावयाचा असतो. तो सैल असल्यास खांद्यावरील अरुंद पट्ट्या रुततात. संधिवाताने आखडलेल्या बोटांना पाठीमागील हुक लावणेही दुष्कर होते. महाराष्ट्रातील पारंपरिक चोळीची गाठ मात्र पुढे बांधली जाते. सारांश, रुंद पट्टा व पुढच्या बाजूचे हुक ही वृद्धेची चैन नसून गरज आहे. तिच्या देहाला वगळणाऱ्या रचनेचा मुक्तीचा दावा अपुराच ठरतो.