‘मी उमेदवार नाही’ : एका वाक्याचे परीक्षण

फिलिपिन्सच्या राजकारणात ‘मी उमेदवार नाही’ असे एक वाक्य आहे. ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उच्चारले गेले असते तर त्याचा अर्थ लावण्यासाठी समीक्षकाची गरज पडली नसती. आज ती पडते. २०१५ आणि २०२१ या दोन वर्षांत त्या देशात अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी जे घडले, त्यात हे वाक्य इतक्या वेळा बोलले गेले आणि इतक्या वेळा फिरवले गेले, की त्याला नकाराऐवजी प्रस्तावनेचा अर्थ आला. एखाद्या नाटकाची संहिता तपासावी तशी ही संहिता तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

परक्या देशाच्या निवडणुकीशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आखातात नोकरीस गेलेल्या आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हा प्रश्न पडणार नाही, कारण तेथे रविवारच्या मिस्सेला शेजारच्या बाकावर फिलिपिनो माणूसच असतो. शिवाय आम्ही सेमिनरीत शिकत होतो त्या काळी १९८६ सालच्या फेब्रुवारीतील मनिलाची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जात असे : रणगाड्यांसमोर जपमाळ घेऊन उभ्या राहिलेल्या धर्मभगिनी, रेडिओ व्हेरितासवरून लोकांना रस्त्यावर येण्याची हाक देणारे कार्डिनल हायमे सिन, आणि देश सोडून गेलेले फर्दिनांद मार्कोस. त्याच मार्कोस यांचे चिरंजीव २०२२ साली ५८ टक्क्यांहून अधिक मते मिळवून अध्यक्ष झाले. ख्रिस्तसभेचा शब्द जेथे एकदा एवढा वजनदार ठरला, तेथेच तो असा हलका का झाला, हा प्रश्न केवळ फिलिपिनो लोकांचा नाही.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. ‘डमी अर्ज’ हा शब्द आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर हाताशी असावा म्हणून घरातल्याच कोणाचा तरी अर्ज भरून ठेवतात. पण तो मुदतीतच भरावा लागतो. फिलिपिन्सच्या निवडणूक संहितेच्या ७७व्या कलमाने याहून मोठी सोय केली आहे. नोंदलेल्या पक्षाचा उमेदवार अर्जाची मुदत संपल्यानंतर मरण पावला, अपात्र ठरला किंवा त्याने माघार घेतली, तर त्याच पक्षाचा दुसरा मनुष्य त्याच्या जागी येऊ शकतो. मृत्यू आणि अपात्रता या गोष्टी समजण्यासारख्या आहेत. सगळी गोम ‘माघार’ या शब्दात आहे. ही संहिता डिसेंबर १९८५ मध्ये, थोरल्या मार्कोस यांच्या राजवटीत संमत झाली. छत्तीस वर्षांनी त्यांच्या पुत्राची सहउमेदवार याच दारातून आत आली.

२०१५च्या ऑक्टोबरात दाव्हावचे महापौर रोद्रिगो दुतेर्ते यांनी आपण अध्यक्षपदासाठी उभे राहणार नाही असे सांगून पुन्हा महापौरपदाचाच अर्ज भरला. त्यांच्या पक्षाच्या वतीने मार्टिन दिन्यो या गृहस्थांनी अध्यक्षपदाचा अर्ज भरला आणि महिना संपण्यापूर्वी तो मागे घेतला. त्या अर्जात पासाय शहराच्या महापौरपदाचा उल्लेख राहून गेला होता. ज्याला लढायचेच नाही तो अर्ज कशाला नीट वाचील? नोव्हेंबरात दुतेर्ते त्या जागी आले आणि मे २०१६ मध्ये ३९ टक्के मतांवर अध्यक्ष झाले. तेथे दुसरी फेरी नसते. ज्याला सर्वांहून अधिक मते, तो सहा वर्षांसाठी अध्यक्ष. उपाध्यक्षाची निवड वेगळी होते. ही दोन कलमे ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे डावपेच समजतात.

२०२१ चा प्रयोग अधिक विस्तृत होता. २ ऑक्टोबरला सेनेटर बाँग गो यांनी उपाध्यक्षपदाचा अर्ज भरला. त्यांच्या सोबत आलेल्या अध्यक्ष दुतेर्ते यांनी तेथेच राजकारणातून निवृत्तीची घोषणा केली. त्याच दिवशी त्यांच्या कन्या सारा यांनी दाव्हावच्या महापौरपदासाठी अर्ज दाखल केला. ८ ऑक्टोबर हा शेवटचा दिवस. त्या दिवशी माजी पोलीसप्रमुख आणि सेनेटर रोनाल्ड देला रोसा अकस्मात अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. ९ नोव्हेंबरला सारा यांनी महापौरपदाचा अर्ज मागे घेतला, ११ तारखेला त्या लाकास पक्षात गेल्या आणि १३ तारखेला, त्या पक्षाने आधीच भरून ठेवलेल्या एका नावाच्या जागी, उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. त्याच १३ तारखेला देला रोसा यांनी माघार घेतली आणि गो उपाध्यक्षपद सोडून अध्यक्षपदाच्या रिंगणात आले. १५ तारखेला, बदलीची मुदत संपता संपता, निवृत्त झालेले दुतेर्ते सेनेटचे उमेदवार झाले. डिसेंबरच्या मध्यास गो आणि दुतेर्ते दोघांनीही आपापले अर्ज परत घेतले. मधल्या काळात दुतेर्ते यांनी बाँगबाँग मार्कोस यांना दुर्बळ नेता म्हटले होते. त्यांची कन्या त्याच मार्कोस यांच्या जोडीला उभी होती.

तारखांची ही जंत्री वाचकांना कंटाळवाणी वाटली असेल. पण अशी एकत्र मांडल्याशिवाय तिच्यातील गोष्ट दिसत नाही. येथे कोणी कायदा मोडलेला नाही. बदली उमेदवारीची प्रत्येक पायरी कायद्याने शाबूत आहे. मोडले आहे ते भाषेचे काहीतरी. अर्ज म्हणजे शपथेवर दिलेला शब्द. तो पाच आठवड्यांत रद्द होईल हे लिहिणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक असेल, तर त्या शब्दाला खोटे तरी कसे म्हणावे? खोट्याने निदान कोणीतरी फसावे लागते. डोंगरावरील प्रवचनात होकार आणि नकार यांबद्दल प्रभूने जो दंडक घालून दिला, तो आम्ही बहुधा व्यक्तिगत सद्गुण म्हणून शिकवतो. मनिलाचे हे दोन महिने पाहिले म्हणजे तो सार्वजनिक जीवनाचा पाया आहे हे उमगते.

याउलट डिसेंबर १९८५ पाहा. मार्कोस यांनी ३ नोव्हेंबरला एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. कोरी आकिनो यांनी आपल्या उमेदवारीसाठी दहा लाख सह्यांची अट घातली होती. त्या सह्या गोळा झाल्या. विरोधी पक्षाचे साल्वादोर लॉरेल यांना मात्र अध्यक्षपद स्वतःसाठी हवे होते. बोलणी फिसकटली. कार्डिनल सिन यांनी मध्यस्थी केली आणि ११ डिसेंबरला अर्जाची मुदत संपण्यास काही तास उरले असता तडजोड झाली : आकिनो अध्यक्षपदासाठी, पण लॉरेल यांच्या पक्षाच्या नावावर, लॉरेल उपाध्यक्षपदासाठी.

हेही डावपेचच होते, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे ही कथा सांगताना हा भाग गाळला जातो आणि सगळे जणू पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने घडले असा आव आणला जातो. तडजोडीतील पंतप्रधानपद लॉरेल यांना मिळाले, पण नव्या सरकारने महिन्याभरातच ते पदच रद्द केले आणि १९८७ मध्ये ते सरकारबाहेर पडले. म्हणजे शब्दाची ओढाताण तेथेही झाली. तरी एक फरक राहतो. त्या डावात प्रत्येकाला काही सोडावे लागले, आणि काय सोडले ते लोकांना दिसले. लॉरेल यांनी पहिले स्थान सोडले. आकिनो यांनी स्वतःचा झेंडा सोडला. २०२१च्या डावात देला रोसा यांनी काय सोडले? जे त्यांना कधी हवेच नव्हते ते.

आता बिशपांच्या शब्दाकडे वळू. फेब्रुवारी १९८६च्या मध्यास कार्डिनल रिकार्दो विदाल यांच्या सहीने बिशप परिषदेने जे निवेदन काढले, ते गद्य म्हणूनही वाचनीय आहे. त्यात अलंकार जवळजवळ नाहीत. मतदारयाद्यांतून गळलेली नावे, मतखरेदी, मतमोजणीतील फेरफार, धाकदपटशा, असे एकेक सांगून त्यातून एकच निष्कर्ष काढला आहे : अशा मार्गाने मिळवलेल्या सत्तेला नैतिक अधिष्ठान नाही. निवेदन मोजणीविषयी होते, उमेदवाराच्या गुणांविषयी नव्हते. आणि मोजणी लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. ९ फेब्रुवारीला निवडणूक आयोगाचे संगणक कर्मचारी आकड्यांत तफावत दिसली म्हणून काम सोडून बाहेर पडले होते. लोकांना जे ठाऊक होते त्याला बिशपांनी शब्द दिले.

पुढे मात्र व्यक्तीविषयी बोलण्याचा मोह वाढला. १९९८ साली जोसेफ एस्त्रादा यांच्या खासगी जीवनाबद्दलची धर्मगुरूंची नापसंती लपून राहिली नव्हती. ते सुमारे ४० टक्के मतांनी निवडून आले. २०२२ साली २५ फेब्रुवारीच्या पाळकीय पत्रात बिशपांनी लष्करी कायद्याच्या काळाचा इतिहास पुसला जात असल्याचा इशारा दिला. तो अगदी रास्त होता. नंतर शेकडो धर्मगुरू आणि काही बिशपांनी लेनी रोब्रेदो यांना उघड पाठिंबा दिला. रोब्रेदो यांच्या विश्वासार्हतेबद्दल आम्हांस शंका नाही. २०१६ साली त्यांनी याच बाँगबाँग यांना उपाध्यक्षपदासाठी अडीच लाखांहून थोड्या अधिक मतांनी हरवले होते आणि त्यावरची त्यांची तक्रार न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये एकमताने फेटाळली होती. उलट बाँगबाँग निवडणूक आयोगाच्या वादसभांना आलेच नाहीत, आणि ऑक्सफर्डच्या पदवीबद्दल विद्यापीठाला स्पष्ट करावे लागले की त्यांना मिळाली ती एक विशेष पदविका. असे असून रोब्रेदो यांना दीड कोटी मते पडली आणि त्यांना तीन कोटी सोळा लाख.

बिशपांचे पत्र फसले असे म्हणणे आम्हांस पटत नाही. त्यांना वाचक दुसरा मिळाला. मतदारांचा फार मोठा भाग १९८६ नंतर जन्मलेला. त्याला आठवणीचा दाखला देऊन काय उपयोग? त्याच्या डोळ्यांसमोर होते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचे नाट्य, आणि त्यावरून तो एवढेच शिकला होता की राजकारणातला शब्द कोणाचाच धरायचा नसतो. ‘सत्यवादी उमेदवार निवडा’ हे आवाहन अशा श्रोत्यापर्यंत पोहोचते ते प्रचाराचे आणखी एक वाक्य होऊन. त्यातच १७ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, मागे पडलेल्या काही उमेदवारांनी एकत्र पत्रकार परिषद घेतली आणि मनिलाचे महापौर इस्को मोरेनो यांनी रोब्रेदो यांनीच माघार घ्यावी अशी मागणी केली. सकाळी रिकाम्या कबरेचे शुभवर्तमान ऐकलेल्या मतदाराला दुपारी हे ऐकावे लागले.

आमच्या मते धर्मगुरूंनी नाव घेण्याची घाई करण्याऐवजी ऑक्टोबरातच त्या अर्जांविषयी बोलायला हवे होते. ते काम कमी शौर्याचे, पण १९८६च्या निवेदनाच्या जातीचे ठरले असते. जे सर्वांना दिसते आहे त्याला नाव देण्याचे.

मार्कोस आणि दुतेर्ते या घराण्यांची युती टिकली नाही. सारा जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडल्या. निवडणूक आयोगाने २०२५च्या निवडणुकीसाठी माघारीमुळे होणारी बदली अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच, म्हणजे ८ ऑक्टोबर २०२४ पर्यंत, मर्यादित केली. ती निवडणूक सेनेटची आणि स्थानिक पदांची होती. अध्यक्षपदाची निवडणूक मे २०२८ मध्ये आहे. कलम ७७ मात्र संहितेतून निघालेले नाही. एका निवडणुकीपुरता आयोगाने केलेला नियम पुढच्या वेळी तसाच राहील की नाही, हे त्या अर्जांच्या वेळी कळेल.