‘ग्रेस अँड ग्रिट’: रोग परतल्यानंतरचे दोन प्रश्न

अमेरिकन तत्त्वचिंतक केन विल्बर ह्यांचा ‘ग्रेस अँड ग्रिट’ हा इंग्रजी ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. २०२१ साली त्यावर चित्रपट निघाला आणि नव्या पिढीचेही त्याकडे लक्ष वळले. ग्रंथकार आपल्या श्रद्धेचा नाही. बौद्ध ध्यानसाधना व पौर्वात्य तत्त्वज्ञान हे त्याच्या विचाराचे घर. तरीही हा ग्रंथ आमच्या वाचककुटुंबांपुढे ठेवावासा वाटतो, कारण ज्या प्रश्नाशी तो झुंजतो, तो प्रश्न आपल्याही अनेक घरांत मुकाट्याने वावरत असतो. उपचार होऊन गेलेला कर्करोग परतला, डॉक्टरांचा सूर खाली आला आणि कोणा हितचिंतकाने दूरच्या एखाद्या औषधाचे नाव सुचवले, तर काय करावे?

कथानक थोडक्यात असे. १९८३ साली विल्बर व टेरी किलम ह्यांचा विवाह झाला आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत टेरीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. पुढे तिने ‘ट्रेया’ हे नाव धारण केले. शस्त्रक्रिया व किरणोपचार झाले, रोग परतला. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, रसायनोपचार म्हणजे केमोथेरपी झाली, मधुमेहही जडला. पुढे रोगाने फुप्फुसे व मेंदू गाठले. जर्मनीतील बॉन शहरी जाऊन तिने अतितीव्र मात्रेची केमोथेरपी सोसली. अखेरच्या टप्प्यात न्यूयॉर्कचे डॉ. निकोलस गोन्झालेझ ह्यांच्या एन्झाइम उपचारपद्धतीकडे ती वळली. जानेवारी १९८९ मध्ये तिचे निधन झाले.

ग्रंथाची घडण दोन स्वरांची आहे. एक स्वर पतीच्या निवेदनाचा, दुसरा ट्रेयाच्या दैनंदिनीचा व मित्रमंडळींना धाडलेल्या पत्रांचा. दुसरा स्वर आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. त्यात अलंकार नाहीत, आव नाही. भीती, संताप, विनोद आणि प्रार्थनेच्या जवळ जाणारी शांतता ही सारी एकाच पानावर नांदतात. पतीही स्वतःला सोडत नाही. लेखन थांबलेले, मद्य वाढलेले, मनात राग साचलेला, एका क्षणी पत्नीवर हातही उगारलेला: हे सारे तो लिहून ठेवतो. रुग्णसेवा करणाऱ्याची झीज इतक्या उघडपणे सांगणारी पाने आमच्या वाचनात फार थोडी आहेत. आजाऱ्याची विचारपूस सारेच करतात. उशाशी बसलेल्याची कोणी करीत नाही. ज्या घरात एखादी सून किंवा एखादा पती वर्षानुवर्षे हे ओझे वाहत आहे, त्या घराने ही पाने अवश्य वाचावीत.

ग्रंथाचे खरे बळ मात्र दोन प्रश्न वेगळे ठेवण्यात आहे. पहिला प्रश्न: कोणता उपचार घ्यावा? दुसरा: ह्या दुःखाचा अर्थ काय? पहिल्याचे उत्तर पुराव्यात शोधायचे असते, दुसऱ्याचे अंतःकरणात. ट्रेया पहिल्या प्रश्नाकडे विद्यार्थ्याच्या चिकाटीने पाहते. ती वाचते, दुसऱ्या व तिसऱ्या तज्ज्ञाचे मत घेते, आकडे विचारते. गाठ आकसणे आणि आयुष्य वाढणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ती व तिचा पती हळूहळू शिकतात आणि वाचकालाही शिकवतात. ‘ह्या औषधाला प्रतिसाद मिळतो’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्यांना दोहोंपैकी नेमके काय म्हणायचे आहे, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे. पर्यायी उपचाराकडे ती वळली ती शस्त्रक्रिया, किरण व औषधे ह्यांची वाट चालून झाल्यानंतर, उघड्या डोळ्यांनी. रूढ उपचार नाकारून तिने आरंभ केला नाही, हे वाचकाने विसरू नये.

दुसऱ्या प्रश्नावर तिच्याभोवती सल्लागारांचा मेळा जमतो. तूच मनात राग दाबून ठेवलास, म्हणून हा रोग झाला. विचार बदल, म्हणजे शरीर बदलेल. अशा आशयाचे बोल तिला वारंवार ऐकावे लागतात. हे सल्लागार वाईट नसतात. त्यांना स्वतःची भीती झाकायची असते. रोग ही रुग्णाची करणी ठरली, की आपण सुरक्षित! ईयोबाचे मित्र आपल्याला ठाऊक आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्यही ठाऊक आहे. पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले आणि प्रभूने तो प्रश्नच अमान्य केला. ट्रेयानेही तो अमान्य केला. आपल्याकडे हाच आरोप निराळ्या वेषात येतो: ‘तुमचा विश्वास कमी पडला’, ‘नव्हेना खंडित झाली असेल’. रुग्णशय्येशी उच्चारलेले असे वाक्य प्रार्थना नव्हे, क्रौर्य होय. सॅन फ्रान्सिस्को येथे कर्करुग्णांना आधार देणारी संस्था ट्रेयाने सहकाऱ्यांसह उभारली. दोष न देता सोबत कशी करावी, हे तिने कृतीने दाखवले.

आता उणिवा. विल्बर ह्यांची तत्त्वज्ञानपर प्रकरणे लांबतात. रुग्ण वेदनेत असताना निवेदक व्याख्यान देऊ लागतो आणि वाचकाला दाराबाहेर उभे राहिल्यासारखे वाटते. ह्याहून गंभीर उणीव एन्झाइम उपचाराच्या भागात आहे. ह्या पद्धतीचे मूळ विल्यम केली नावाच्या अमेरिकन दंतवैद्याच्या प्रयोगांत. चित्रपटनट स्टीव्ह मॅक्वीन ह्यांनी १९८० साली त्याच्या पद्धतीचा आश्रय घेतला होता. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. स्वादुपिंडाच्या एन्झाइमांच्या पुष्कळ गोळ्या, विशिष्ट आहार आणि कॉफीचे एनिमा असा हा क्रम. ट्रेयाच्या तपासणीत गाठ मोठी दिसली, तेव्हा रूढ वैद्यक म्हणाले, रोग वाढला. पर्यायी वैद्यक म्हणाले, औषध लागू पडत आहे. येथे निवेदकाने थांबून एक प्रश्न विचारावयास हवा होता: गाठ लहान झाली तरी यश आणि मोठी झाली तरी यश, तर अपयश ओळखायचे कसे? पत्नीवरील प्रेमापोटी तो विचारत नाही. माणूस म्हणून ते आम्हांला समजते. ग्रंथकार म्हणून ते उणे ठरते.

ह्या प्रश्नाचे काही उत्तर काळाने पुढे दिले. डॉ. गोन्झालेझ ह्यांच्या पद्धतीची स्वादुपिंडाच्या कर्करोगावर चाचणी झाली आणि तिचा वृत्तान्त २०१० साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापला गेला. ५५ रुग्णांपैकी ३२ जणांनी एन्झाइम उपचार निवडला, २३ जणांनी केमोथेरपी. मध्यम जीवनकाल पहिल्या गटात ४.३ महिने, दुसऱ्यात १४ महिने भरला. जगण्याची प्रतही दुसऱ्या गटात बरी राहिली. डॉ. गोन्झालेझ ह्यांनी ह्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. अवयव निराळा होता आणि उपचार रुग्णांनी स्वतः निवडले होते, हेही खरे. तरीही हा ग्रंथ आज हाती घेणाऱ्याने ही आकडेवारी शेजारी ठेवूनच तो वाचावा.

मग आपल्या घरांनी काय घ्यावे? पूरक आणि पर्यायी ह्यांतला भेद आधी घ्यावा. उपचार चालू असताना मळमळ, थकवा, भय हलके करण्यास जे साहाय्य होते, ते पूरक. ध्यान, संगीत, हलका व्यायाम ह्यांना डॉक्टरांची सहसा हरकत नसते. लागू पडणारा उपचार सोडायला लावते, ते पर्यायी. तेथे सावध व्हावे. सुचवणाऱ्याला विचारावे: कोणाला गुण आला, किती काळ, आणि ज्यांना आला नाही त्यांची गणती कोठे आहे? घेत असलेला काढा वा पूड डॉक्टरांपासून लपवू नये. दागिने मोडण्यापूर्वी, शेताचा तुकडा विकण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि शेवटचा शब्द आजाऱ्याचा असू द्यावा. बरे होण्याची वाट संपली, तरी वेदना शमविणारी शुश्रूषा उरते. ती मागणे म्हणजे हार नव्हे.

बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, औषध अव्हेरू नये आणि प्रार्थनाही सोडू नये, असा उपदेश आहे. वैद्य आणि प्रार्थना ह्यांत त्या प्राचीन शहाण्याला भांडण दिसले नाही. ‘ग्रेस’ म्हणजे कृपा, ‘ग्रिट’ म्हणजे चिवट धैर्य. विल्बर ह्यांचा औषधविषयक निर्वाळा आम्ही स्वीकारू शकत नाही; पण ट्रेयाने कृपा व धैर्य एकाच हाती कसे धरले, हे पाहण्यासाठी हा ग्रंथ संग्रही असावा, असे आम्हांला मनापासून वाटते.