लढणार होता तो ठाकूर!

३० जून १८५५. आजच्या झारखंडातल्या भोगनाडीह गावात हजारो संथाल जमले. सिदो आणि कान्हू मुर्मू या भावांनी सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकारविरुद्ध बंड पुकारलं. संथालीत त्याला 'हूल' म्हणतात. पण नेत्यांनी काढलेल्या परवान्यात होतं भलतंच : लढणारे आम्ही नाही, खुद्द ठाकूर, म्हणजे आमचा देव, लढणार आहे.

या म्हणण्याचं करायचं काय? रणजित गुहांचा 'द प्रोज ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी' (१९८३) हा निबंध वाचायचा तो यासाठी. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी बंड म्हणजे वणवा किंवा साथ. वणवा पसरतो, विचार करत नाही. नंतरच्या इतिहासकारांनी बंडखोरांची बाजू घेतली, पण त्यांच्या श्रद्धेला लोक जमवायची युक्ती ठरवलं. गुहांचा यावरचा जबाब बिनतोड आहे : पकडले गेल्यावर, मरण समोर असतानाही ते हेच सांगत होते. तिथे कोणाला जमवायचं होतं?

मात्र पुढे गुहा मार्क्सचा आधार घेऊन याच श्रद्धेला माणसाचं स्वतःपासून तुटणं म्हणतात. दीपेश चक्रवर्तींनी 'प्रॉव्हिन्शियलायझिंग युरोप'मध्ये (२०००) ही अडचण नेमकी पकडली आहे. संथालांचं म्हणणं गंभीरपणे घ्यायचं तर आहे, पण ठाकूरला इतिहासाचा कर्ता म्हणून मान्य करणं इतिहासकाराला जमत नाही.

मला वाटतं, यात एक साधी तुलना राहून जाते. जुलैच्या सुरुवातीला बंडखोरांनी एका दरोग्याला मारलं. तो दरोगा तरी स्वतःच्या नावानं हुकूम सोडायचा का? तो सोडायचा सरकारच्या नावानं. हे सरकार ना त्याला कधी दिसलं, ना संथालांना. तरी दरोगा स्वतःपासून तुटला होता, असं कोणी लिहीत नाही. त्याला आपण राज्यकारभार म्हणतो. मग सिदो-कान्हूंनी ठाकूरच्या नावानं परवाना काढला, तर तो भोळेपणा का? कंपनीपेक्षा वरचढ सत्ता आपल्या पाठीशी आहे, हे सांगितल्याशिवाय कंपनीचा हुकूम मोडायला कोण उठलं असतं? 'मी नाही, तो' म्हणणं हेच त्यांचं नेतृत्व होतं.

दर ३० जूनला हूल दिवस साजरा होतो. सिदो-कान्हूंच्या पुतळ्यांना हार चढतात, फोनवर पोस्ट फिरतात : शूर, क्रांतिकारक, महानायक. सगळी आपली विशेषणं. त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं, ते त्यात कुठेच नसतं. ते न पटताही ऐकून घेणं, एवढं तर आपल्याला जमायला हवं.