ॲबट पिता-पुत्र आणि मराठी संतवाङ्मय : प्रभावाची दुसरी दिशा
मिशनऱ्यांनी मराठी मुद्रण व शिक्षणास काय दिले, याची चर्चा विपुल आहे. मराठीने त्यांना काय दिले, हा प्रश्न उपेक्षित राहिला. अमेरिकन मराठी मिशनचे एमॉस ॲबट येथे धर्मोपदेशासाठी आले. त्यांचे पुत्र जस्टिन ॲबट (१८५३-१९३२) हेही मिशनरीच. परंतु उत्तरायुष्यात त्यांनी एकनाथ, बहिणाबाई (१९२९), तुकाराम इंग्रजीत नेले. येथे धर्मांतर नव्हे, दृष्टिपालट घडला. उपदेशकाचा पुत्र श्रोता झाला. एकनाथ-तुकारामांच्या चरित्रांसाठी त्यांनी महिपतींचे कथन स्वीकारले. त्यामुळे भक्तांची श्रद्धा अनुवादात टिकली. ऐतिहासिक चिकित्सा मात्र मागे पडली. तुकोबांच्या पालखीमार्गावरील बारामती-इंदापूर परिसरात अध्यापन करताना ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी शिकविणे अगत्याचे ठरते.