बोली उघडी, पानं झाकलेली

मराठीत ‘बोली’चे दोन अर्थ आहेत. लिलावात लावतात ती बोली, आणि आमच्या धाराशिव-तुळजापूरकडं बोलतात तीही बोली. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात दोन्ही अर्थ एकदमच लागू होतात. चौघं आळीपाळीनं बोली लावतात, ती लिलावासारखी चढत जाते; पण तिचं खरं काम असतं समोरच्या भिडूला आपली पानं कशी आहेत ते सांगणं. मी तिच्याकडं भाषा म्हणून बघतो. स्वतःबद्दल बोलण्याची इतकी सरळ भाषा मला दुसरीकडं सापडलेली नाही. गंमत म्हणजे, तिच्यात खोटं बोलायला परवानगी आहे.

आधी आपल्या ओळखीचा खेळ घेऊ. आमच्याकडं पत्ते म्हटलं की मेंढीकोट. दोघांविरुद्ध दोघं, एक हुकूम, आणि चार दश्श्यांवर सगळ्यांचा डोळा. यात बोली नसते. त्यामुळं भिडूला काही सांगायचं तर खुणा करायच्या: डोळा मिचकवायचा, पान जोरात आपटायचं, उगाच खाकरायचं. पारावर आणि लग्नघरात हे सर्रास चालतं, आणि पकडलं की भांडणही होतं. त्यात मजा आहेच. पण ती खूण फक्त दोघांची असते. शेजारी बसलेल्या तिसऱ्याला ती कळू नये, हाच तिचा अर्थ.

ब्रिजनं हीच गरज उघड्यावर आणली. आजच्या रूपातला ब्रिज हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनं 1925 साली बसवला. त्यातला शब्दसंग्रह फारच तुटपुंजा आहे. एक किलवरपासून सात बिनहुकूमपर्यंत 35 बोल्या, वर पास, डबल आणि रीडबल. एकूण 38 शब्द. आणि तेरा पानांचे वेगवेगळे संच होतात 63 हजार 501 कोटींहून जास्त. म्हणजे नेमकी पानं सांगणं अशक्यच. सांगायची ती मर्यादा: इतक्यापासून इतक्यापर्यंत.

त्यासाठी एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2 आणि गुलामाला 1 गुण धरतात. समजा, मी ‘एक इस्पिक’ म्हणालो. रूढ पद्धतीत याचा अर्थ, माझ्याकडं निदान पाच इस्पिक आहेत आणि साधारण बारा किंवा जास्त गुण. भिडू म्हणाला ‘दोन इस्पिक’: तीन तरी इस्पिक, पण गुण सहा ते नऊच. इथं त्याचं काम संपलं. ‘चार इस्पिक’ला, म्हणजे दहा हात करायला, दोघांचे मिळून पंचवीसेक गुण लागतात. माझ्याकडं बारा असतील तर मी पास म्हणतो, अठरा असतील तर थेट चारवर जातो, सोळा असतील तर ‘तीन इस्पिक’ म्हणून त्याला विचारतो: नऊकडं झुकतोस की सहाकडं? एकदा सांगितलेलं तो आपणहून पुन्हा सांगत नाही. आपल्या पानांच्या प्रेमात पडून वर चढत नाही.

हे वाचायला सोपं वाटतं, पण आपण असं बोलतो कुठं? लग्नाच्या बायोडेटात ‘शेती वीस एकर’ असतं. ती जिरायत की बागायत, आणि तीन भावांत किती, हे नसतं. आयटीत वर्षाअखेर स्वतःच्या कामाचं मूल्यमापन भरताना एकच काम तीन रकान्यांत तीनदा येतं. यात खोटं काहीच नसतं. वरची मर्यादा तेवढी गायब असते. ब्रिजमध्ये भिडू ती मर्यादा धरूनच हिशेब करतो. ती नसेल तर बोली नुसता आवाज.

आता खोट्याबद्दल. ब्रिजच्या नियमांनुसार मी हातात नसलेली पानं बोलीतून सुचवू शकतो. अट एकच: माझा भिडूही विरोधकांइतकाच फसला पाहिजे. आमच्यात ठरलेला प्रत्येक अर्थ जाणून घ्यायचा विरोधकांना हक्क आहे. समोरासमोरच्या खेळात त्यांनी विचारलं, तर माझ्या बोलीचा अर्थ माझा भिडू सांगतो. ऑनलाइन खेळात ज्यानं बोली लावली तोच लिहून सांगतो, भिडूला न दिसता. आणि सांगायचं असतं ते काय ठरलंय ते, हातात काय आहे ते नाही. पत्ते माझे, शब्दकोश सगळ्यांचा.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. ऑगस्ट कर्कहॉफ्सनं 1883 मध्ये गुप्तलेखनाचं तत्त्व मांडलं: पद्धत शत्रूला कळली तरी चालावं, गुपित राहावी ती फक्त किल्ली. मेंढीकोटातली खूण पद्धतच लपवते. ब्रिज फक्त किल्ली लपवतो.

तरी या भाषेचं मला सगळंच पटतं असं नाही. पहिली अडचण माणसाच्या शरीराची. 1965 मध्ये ब्युनोस आयरिसच्या जागतिक स्पर्धेत रीस आणि शापिरो या ब्रिटिश जोडीवर बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेनं त्यांना दोषी ठरवलं, ब्रिटनमधल्या चौकशीनं निर्दोष. 1975 पासून जागतिक स्पर्धेत टेबलावर पडदा आला. मग त्याच वर्षी टेबलाखाली पायांच्या खुणांचं प्रकरण निघालं. पारावरचं खाकरणं तिथंही पोचलेलंच होतं.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. मुरलेल्या जोड्यांचे करार इतके गुंतागुंतीचे होतात की नवख्यानं अर्थ विचारला की त्याला एखाद्या पद्धतीचं नाव ऐकवलं जातं. नाव सांगणं म्हणजे अर्थ सांगणं नव्हे. ॲपच्या अटी-शर्तीही उघड्याच असतात; वाचतं कोण? समोरच्याला कळेल असं सांगितलं, तरच ते उघड.

मार्च 2022 मध्ये पॅरिसला ‘नूक’ या प्रोग्रामनं आठ ब्रिज विजेत्यांना मागं टाकलं. पण त्या सामन्यात बोली नव्हती. करार आधीच ठरलेला, फक्त पानं खेळायची. मला ती बातमी वाचून वाटलं, की खेळाचा अवघड भाग बाहेरच राहिला. पानं मोजणं एकट्याला जमतं. एका शब्दाचा अर्थ दोघांत ठरवणं, तो पाळणं आणि विचारेल त्याला सांगणं, याला समोर दुसरं कुणीतरी लागतं. फोनवर ब्रिज शिकणार असाल तर म्हणून आधी डावपेच पाठ करू नका. भिडू शोधा, आणि ‘दोन इस्पिक’ म्हणजे किती ते दोघं मिळून लिहून काढा.