‘वीज वाचली’ म्हणजे नेमकं काय झालं?

मंडळी, मागच्या वेळी आपण वैशेषिकांच्या ‘अभाव’ या पदार्थापाशी थांबलो होतो. आज तोच धागा धरून सर्व्हरच्या वीजबचतीवर बोलतो. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरला हा उद्योग कोणी सांगितला, असं तुम्हाला वाटलं असेल तर ते रास्तच आहे. पण डेटा सेंटरवाल्यांचे बचतीचे दावे मी वाचतो आणि त्यातलं तर्कशास्त्र मला खटकतं.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी थोडी उजळणी. नैयायिक म्हणतात, नुसतं ‘नाही’ म्हणू नका. काय नाही? तो प्रतियोगी. कुठं नाही? ते अधिकरण. ‘जमिनीवर घडा नाही’ यात घडा प्रतियोगी, जमीन अधिकरण. आता बचत म्हणजे काय हो? न खर्चलेली वीज. म्हणजे अभावच की! मग तिलाही हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

एक चांगला दावा आधी बघू. पुण्याच्या सी-डॅकनं फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘परम युवा-२’ हा महासंगणक आणला. आधीच्या ‘परम युवा’ची क्षमता ५४ टेराफ्लॉप, याची ५२४, आणि वीज ३५ टक्के कमी. कशापेक्षा कमी, ते सांगितलंय. काम किती, तेही सांगितलंय. नैयायिकानं मान डोलवावी असं हे विधान आहे.

आता डेटा सेंटरांचं लाडकं माप घ्या, पीयूई. २००७ पासून रूढ झालेलं. सगळ्या इमारतीची वीज भागिले संगणकांची वीज. उत्तर एकाच्या जितकं जवळ तितकं चांगलं. समजा, संगणकांना १०० युनिट आणि एसी, यूपीएस वगैरेला ५०. पीयूई दीड. कोणी शहाण्यानं रिकामे सर्व्हर बंद केले. संगणकांचा खर्च ७० वर आला, पण पंखे-यूपीएसचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही, तो ४५ धरू. एकूण १५० चे ११५ झाले. आणि पीयूई? दीडवरून १.६४! वीज वाचली आणि गुण घसरले. (आकडे माझे आहेत, समजावण्यापुरते.) हे माप इमारतीला प्रश्न विचारतं, संगणक काही काम करतोय का, हे विचारतच नाही.

आणि खरी गोम तिथंच आहे. गूगलच्या बारोसो आणि होल्झल यांनी २००७ मध्येच लिहिलं होतं, की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेनं चालतात, आणि जवळपास रिकामा बसलेला सर्व्हरसुद्धा पूर्ण ताकदीच्या निम्मी वीज खातो. काम कमी असलं की प्रोसेसर आपला वेग उतरवतो, डुलकी घेतो, हे खरं. पण मेमरी, पंखे, पॉवर सप्लाय जागेच राहतात.

मग बंद का करत नाहीत? सोय तर आहे. सर्व्हरच्या बोर्डावर एक छोटा वेगळा संगणक असतो, त्याला बीएमसी म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी तो जागा. त्याच्यामार्फत शेकडो किलोमीटरवरून सर्व्हर चालू-बंद करता येतो, तापमान बघता येतं, विजेवर मर्यादा घालता येते. पण बंद केल्यावर कुणाचं काम अडलं तर नोकरीवर येतं. चालू ठेवल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. २०१५ मध्ये कूमी आणि टेलर यांनी तपासलेल्या सर्व्हरांपैकी ३० टक्के सर्व्हरांनी सहा महिने किंवा जास्त काळ काहीच उपयोगी काम केलं नव्हतं.

माझा पुतण्या मोबाइलवरून मोटर चालू करतो. रात्रीची लाइट, शेतात जायला नको, त्याचं काही चुकलं नाही. एकदा इथं लोणखेड्यात माझ्याच ओट्यावर बसून त्यानं मोटर लावली. मोबाइल सांगत होता, मोटर चालू, व्होल्टेज ठीक. सकाळी गेला तर पाइप निसटलेला आणि पपईत गुडघाभर पाणी. पपईच्या मुळाशी पाणी साचलं म्हणजे काय होतं ते शहादा तालुक्यात सांगायला नको. बीएमसीचंही तेच आहे. वॅट दाखवतो, पाणी कुठं चाललंय ते दाखवत नाही.

हे मी इतकं ताणून का बोलतोय? कारण दुसरा प्रश्न उरलाय, अधिकरणाचा. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. त्या पाण्याखाली आपल्याच जिल्ह्यातलं मणिबेली गेलं, अक्कलकुवा-अक्राणीतली आणखी गावं गेली. ती वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते. तिथून कुठलं युनिट शेतात गेलं आणि कुठलं नवी मुंबईतल्या रिकाम्या सर्व्हरला, हे कुणी वेगळं काढू शकत नाही. म्हणून मला त्यांचा पीयूई नको. वर्षभरात किती सर्व्हर रिकामे सापडले आणि त्यातले किती काढून टाकले, हा आकडा त्यांनी छापावा. तो छापलेला माझ्या वाचनात अजून आलेला नाही. तुमच्या आला असेल तर आत्ताच सांगा, माइक मागच्या रांगेकडे पाठवतो.